राखणीची पाळी

गोट्याच्या डोक्याला टाके घालून झाले. शुद्धीवर यायची वाट बघा, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि गोट्याच्या आईने सगळ्यांना हॉस्पिटलमधून हाकललं. "इथे भांडायचं नाही. घरी जाऊन काय ते भांडा," ती म्हणाली. थोरल्या दिराकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मग चौघे थोरल्याच्या घरी आले आणि खरोखरच भांडायला बसले.

टेबलाभोवती थोरला, त्याचा धाकटा भाऊ म्हणजे गोट्याचा बाप, दोघांच्या मधली बहीण आक्का आणि थोरल्याची मुलगी चिमणी. या घरातल्या सगळ्यांचं पोट एकाच काच कारखान्यावर चालायचं. थोरला भट्टीचा मिस्त्री, धाकटा आणि चिमणी त्याच्याच हाताखाली, आक्का बाटल्या भरायच्या खात्यात. म्हणजे संपाआधी होती. त्या खात्यातल्या बायकांनी हातमोजे मागितले म्हणून मालकाने सगळ्यांना घरी बसवलं, आणि त्यांना परत घ्या म्हणून बाकीचा कारखाना बाहेर पडला. समितीचा प्रमुख अर्थातच थोरला. या घरात एवढी वर्षं दुसरं कुणी कशाचं प्रमुख झालंच नव्हतं.

"बोल आता," धाकटा म्हणाला. "नेहमी तूच बोलतोस ना. बोल."

"काय बोलू?"

"माझ्या पोराला हात मागे बांधायला कुणी सांगितलं?"

सांगितलं थोरल्यानेच होतं. गेटवर धरणं धरायचं तर पाठीमागे बोटांत बोटं अडकवून बसायचं, म्हणजे कामगाराने हात उचलला असं कुणाला म्हणता येणार नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. सकाळी मालकाची माणसं काठ्या घेऊन आली तेव्हा मात्र ज्याने त्याने हात सोडून आपापलं डोकं झाकलं. गोट्याने सोडले नाहीत.

"का नाही सोडले, ते तुला माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तू समोर बसला होतास. मोठे काका बघतायत म्हणून पोरगा तसाच बसून राहिला. आणि तू बघत राहिलास."

"मी धावलो."

"मारून झाल्यावर."

हे खरं नव्हतं, पण अगदी खोटंही नव्हतं. थोरल्याला गुडघ्यावर हात टेकून उठायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळं होऊन गेलं होतं. आपल्याला राग नेमका कुणाचा आलाय हे त्याला सकाळपासून कळत नव्हतं. काठीवाल्याचा तर होताच. पण पोराचाही होता. अरे, सोडायचे ना हात, असं त्याला त्या बेशुद्ध पोराला खडसावून विचारायचं होतं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटत होती.

"हे आपण नंतर बोलू," तो म्हणाला. "पाळीची वेळ झाली. चल, आवर."

धाकटा हसला. ते हसणं ऐकून चिमणीने मान वर केली.

"तू मला राखणीला बोलावतोयस? आज?"

काचेची भट्टी मनात आलं म्हणून विझवता येत नाही, हे बाहेरच्या माणसाच्या पटकन गळी उतरत नाही. आत वितळलेल्या काचेचं तळं असतं, त्याला हे लोक रस म्हणत. आग गेली की रस गोठतो, वरच्या कमानीच्या विटा तडकतात, आणि मग ती भट्टी फोडून फेकून द्यावी लागते. म्हणून कारखान्यातल्या पहिल्या संपात या भावांच्या बापाने नियम घालून दिला होता. काम बंद, माल बंद, पण आग संपवाल्यांनीच सांभाळायची. दोघादोघांनी पाळीने आत जायचं, तेलाची ज्योत ठरल्या वेळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवायची, आणि बाहेर येऊन पुन्हा गेटवर बसायचं. बाटली काढायची नाही, मजुरी घ्यायची नाही. ही राखण. त्यानंतर संप कितीतरी झाले, काही जिंकले, बरेच हरले, पण राखण कधी चुकली नाही, आणि याचा या घराला नको तेवढा अभिमान होता.

"मी येतो राखणीला," धाकटा म्हणाला. "का नाही येणार. आत जातो, तेलाची झडप बंद करतो, आणि बाहेर येऊन हात मागे बांधून बसतो. कुणाला ओरखडा नाही, कुणाला शिवी नाही. तुला हवी तशी शांतता."

"ही मोडतोड आहे."

"कशी? काम न करणं म्हणजे संप. आपण बाकी सगळी कामं बंद केली. आता हेही बंद. यात मी काय मोडलं?"

"आजाऱ्याचं पाणी बंद केलं आणि म्हटलं, मी कुठे हात लावला त्याला? तसलं बोलू नकोस."

"आजाऱ्याचं नाव काढू नकोस," धाकटा म्हणाला. "तो तिकडे पडलाय."

शेवटी चिमणीने तोंड उघडलं. भट्टीवर काम शिकलेली ती कारखान्यातली पहिली मुलगी. तिला शिकवलं बापानेच, आणि शिकवताना इतकं रागावला होता की आता तिला कुणाच्याच रागाची भीती उरली नव्हती.

"बाबा, काका चिडून बोलतायत. मी न चिडता विचारते. मालकाचं बिघडलंय काय? गोदाम भरलेलं आहे, तो माल विकतोय. भट्टी गरम आहे, ती आपण फुकट सांभाळून देतोय. उद्या आपण थकून आत गेलो की परवा काच निघेल. मग त्याने वाकायचं कशासाठी?"

"आणि भट्टी मेली म्हणजे वाकेल?"

"निदान दुखेल तरी त्याला."

"दुखेल. मग तो दुसरीकडे नवी बांधेल, सगळी यंत्रं लावून. इथे कुलूप घालेल आणि गावभर सांगेल, कामगारांनीच मारली. काठ्या घेऊन फिरणाऱ्यांच्या हातात आपण होऊन कारण द्यायचं?"

"आज सकाळी त्यांच्याकडे काय कारण होतं?" चिमणीने विचारलं.

समितीच्या बैठकीत असा प्रश्न आला की थोरला चष्मा पुसत बसायचा. आज चष्मा धरण्यातच चेंगरला होता.

आक्का एवढा वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत बसली होती. डाग जुना होता, निघणारा नव्हता, पण कुणाच्या तरी अंगावर धावून जाण्यापेक्षा ते बरं होतं. तिची बोटं बारीक बारीक चिरांनी भरलेली होती. काचेची धार लागली की आधी कळत नाही, रक्त दिसल्यावर दुखायला लागतं.

हॉस्पिटलपासून घरापर्यंत ती मनाने धाकट्याच्या बाजूला होती. पोर पडलेलं तिने डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा कुणी तिच्या हातात घण दिला असता तर तिने एकटीने भट्टी फोडली असती. पण धाकटा आता बोलता बोलता म्हणाला, "हे सगळं चाललंय कुणासाठी? आक्कासाठीच ना?" आणि आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांब," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन तू भट्टी मारणार, आणि माझंच नाव घेऊन हा दादा ती जगवणार. मला विचारलं का कुणी? मला परत कामावर जायचंय. हातमोजे घालून. एवढंच मागितलं होतं मी. भट्टीच उरली नाही तर मी काय रिकामी खोकी भरत बसू?"

"म्हणजे तू दादाकडून."

"मी कुणाकडूनच नाही." ती थोरल्याकडे वळली. "तू एवढी वर्षं पोरांना सांगितलंस, मार खा. बरं. आज एकाने खाल्ला. तू सांगितलास तस्सा, हात मागे बांधून. आता पुढे काय, ते सांग. मार खाऊन झाल्यावर काय करायचं असतं, दादा?"

"लोक बघतात. लोकांना लाज वाटते."

"कुणाला वाटली? नाव सांग. एकाचं सांग."

थोरल्याने हात टेबलावर आपटला. या घरात त्याने असा हात आपटलेला आक्काला आठवत नव्हता. "मग काय करू मी?" तो ओरडला. "जाळू? फोडू? आणि उद्या या चिमणीच्या डोक्यात काठीच्या जागी गोळी बसली की कुणाला विचारू पुढे काय?"

"ओरडू नका," चिमणी म्हणाली. "तुमच्या गळ्याच्या शिरा दिसतायत."

आक्का पाणी आणायला उठली, कारण आता कुणीतरी उठायला हवंच होतं. पाण्याचा माठ खिडकीपाशी होता. खिडकीतून समोरच्या घरांच्या वर कारखान्याचं धुराडं दिसायचं. इतकी वर्षं ते बघून बघून कुणी त्याच्याकडे बघतही नसे. आक्काने भांडं बुडवलं आणि ते तसंच धरून ती उभी राहिली.

"धूर नाही," ती म्हणाली.

"काय?"

"धुराड्याला धूर नाही."

चिमणी खिडकीशी पोचेपर्यंत तिच्या मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. तिने वळून बघितलं तर दार सताड उघडं आणि काका जिन्यावरून खाली निघालेला. चप्पल घालायलासुद्धा तो थांबला नव्हता.

रस्त्यात त्यांना आधीच्या पाळीचे दोघे भेटले. ते हॉस्पिटलकडे धावत निघाले होते आणि थोरल्याला समोर बघून जागच्या जागी थिजले. पोरगा गेला असं कुणीतरी आत येऊन सांगितलं, म्हणून ते तडक बाहेर पडले होते. भट्टी तशीच टाकून. "तुमची वेळ झालीच होती," त्यातला एक सांगायला लागला. "म्हटलं, मिस्त्री काय, दारात आलेच असतील." थोरला कधी उशिरा आला नव्हता. तो भांडत बसल्यामुळे उशिरा येईल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. इकडे ज्योत वेळेवर फिरली नाही, भट्टीची एक बाजू भलतीच तापली, दुसरी थंड पडली, आणि आपोआप पडणाऱ्या झडपेने तेल तोडून टाकलं. मारायची की जगवायची, याचा वाद घरात चालू असताना भट्टी आपली मरायला लागली होती.

"पोरगा जिवंत आहे," थोरला त्यांना म्हणाला आणि पुढे चालू लागला.

गेटवर सकाळचीच काठीवाली माणसं होती. रस्ता धुतलेला दिसत होता. ज्याने गोट्याला मारलं तो दारवान लहान फाटक पूर्ण उघडून, ते हाताने धरून उभा होता, म्हणजे त्यांना आत जायला अडचण होऊ नये.

"या मिस्त्री, या," तो म्हणाला. "लवकर चला. मॅनेजरसाहेब केव्हापासून वाट बघतायत."

तो मनापासून आदबीने बोलत होता, आणि चिमणीला त्याचाच जास्त संताप आला. सकाळी त्याच फाटकातून बाहेर येऊन याने काठी चालवली होती. तिने बापाकडे बघितलं. बाप दारवानाच्या फाटक धरलेल्या हाताकडे बघत होता. मग तो तिथेच, ओल्या रस्त्यावर, मांडी घालून बसला.

"साहेबांना बाहेर बोलाव," तो म्हणाला.

"मिस्त्री, आधी आत जा की. भट्टी..."

"भट्टी तुमची आहे. तू जा."

धाकटा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे पाय चिखलाने भरले होते. "दादा, ऊठ. कमान तडकेल."

"तडकू दे."

"तू म्हणतोयस हे?"

"तूच म्हणत होतास मघाशी."

"मी बोलत होतो," धाकटा म्हणाला. "तू करतोयस."

"बस माझ्याजवळ. अजून जीव आहे तिच्यात. तेवढ्या वेळात तो येतो बाहेर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला आपली गरज लागलीये. बस."

चिमणी बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही. आक्का बसली. आधीच्या पाळीचे दोघे मागून आले, तेही बसले. धरण्यावरून सकाळी पांगलेली माणसं धूर नाही म्हणून घरातून बाहेर आली होती, ती एकेक करून बसायला लागली. काका मात्र उभाच होता. तो धुराड्याकडे बघत होता. नंतर त्याने आपल्या हातांकडे बघितलं, भावाला वळसा घातला आणि फाटकातून आत गेला. त्याच्यासाठी दारवान बाजूला सरला.

"काका," चिमणीने हाक मारली. मग उठून, फाटकापाशी जाऊन, जिवाच्या आकांताने मारली. दारवानाने तिला पुढे जाऊ दिलं नाही.

आत धाकट्याने बघायच्या भोकाला डोळा लावला. रस पांढरा दिसायला हवा. तो नारिंगी पडला होता. त्याच्या डोक्यात मालक नव्हता, संप नव्हता, देव जाणे का पण त्या क्षणी पोरगाही नव्हता. झडप उचलायची, तेल सोडायचं, वारा सोडायचा, ज्योत धरली की नाही बघायला पळायचं, पुन्हा परत यायचं. हे दोघांचं काम. ते तो एकट्याने करत होता, आणि बापापासून दादापर्यंत ज्यांनी ज्यांनी हे त्याला शिकवलं त्या सगळ्यांना शिव्या घालत करत होता. पहिल्यांदा ज्योत धरली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग ती धरली, आणि भट्टीचा नेहमीचा घुमणारा आवाज सुरू झाला, ज्यात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही.

बाहेर मॅनेजर धावत आला होता. त्याचा शर्ट पॅंटमधून सुटला होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. संप सुरू झाल्यापासून तो फाटकाच्या बाहेर आलेला कुणी बघितला नव्हता.

"काय हवंय तुम्हाला?" त्याने विचारलं, जणू हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"बाटल्या भरणाऱ्या बायका परत. सगळ्या. हातमोज्यांसकट," थोरला म्हणाला.

"घेतो. आधी आत चला."

"आधी लिहा. आणि हा." थोरल्याने दारवानाकडे बोट केलं.

"त्यालाही काढतो," मॅनेजर म्हणाला. मॅनेजरने खिशातून पेन काढलं, कागदासाठी इकडेतिकडे बघितलं. आक्काने पर्समधला कागद पुढे केला. गोट्याच्या औषधांची चिठ्ठी होती, मागून कोरी. मॅनेजरने ती गुडघ्यावर धरली आणि लिहायला लागला.

मग मागे कुणीतरी म्हणालं, "धूर आला."

म्हणणाऱ्याला आनंदच झाला होता. जन्मभर त्या धुरावर जगलेला माणूस. मॅनेजरने मान वळवून वर बघितलं. धुराड्यातून आधी काळा, मग करडा, मग नेहमीसारखा धूर निघाला. मॅनेजरने पेनाला टोपण लावलं. कागद आक्काच्या हातात परत दिला. शर्ट नीट खोचला.

"उद्या ऑफिसात या," तो म्हणाला. "सविस्तर बोलू." आणि आत निघून गेला. जाताना धावला नाही.

आक्काने कागद वाचला. 'सर्व कामगार स्त्रियांना' एवढंच लिहिलेलं होतं.

थोड्या वेळाने धाकटा बाहेर आला. तोंड लालबुंद, भुवया करपलेल्या, तळहात काखेत दाबून धरलेले. "वाचली," तो भावाला म्हणाला. इतक्या वर्षांत भावाने आपल्याला शाबासकी द्यावी असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. सगळे आपल्याकडे असे का बघतायत हे त्याला कळेना.

"काका, तो लिहून देत होता," चिमणी म्हणाली. "सगळं कबूल केलं होतं त्याने. धूर दिसला आणि थांबला." तिने आत्याच्या हातातला कागद घेऊन त्याच्यासमोर धरला.

त्याने तो वाचला. मग दुसऱ्या बाजूने पोराचं नाव आणि औषधं वाचली. "मला हाक मारायची," तो म्हणाला.

"मारल्या."

भट्टीवर हाक ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग तो म्हणाला, "ज्योत फिरवायला हवी आता. एकट्याने नाही व्हायचं. माझे हात भाजलेत. कुणीतरी चला."

"आजपासून राखण नाही," थोरला म्हणाला.

"दादा."

"समितीला मी सांगेन. आपला माणूस आत जाणार नाही."

"आणि गेला तर?"

"तर तो आपला नाही." थोरल्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच आधीच्या पाळीचे दोघे खाली बघायला लागले.

धाकटा त्याच्या अगदी जवळ आला. "सकाळी माझ्या पोराला तू हात सोडू दिले नाहीस," तो म्हणाला, "आणि आता मला सांगतोस, हात सोड. तुझा नियम म्हणून धरायचं, तुझा नियम म्हणून सोडायचं. मला नाही जमत. मी काय करू? मला नाही बघवत ती मरताना." तो रडत होता, आणि रडतानाही तोंडाने भावाला शिव्या चालू होत्या. मग मनगटाने नाक पुसून तो फाटकाकडे गेला. नोकरी जाता जाता वाचलेल्या दारवानाने ते मुकाट्याने उघडलं.

थोरला बसून राहिला. त्याने भावाला थांबवलं नाही, उठूनही गेला नाही. चिमणीला त्या दोघांचाही इतका राग आला की तिथे आणखी उभं राहणं तिला शक्य नव्हतं.

"मी हॉस्पिटलला जाते," ती म्हणाली. "काकू एकटी आहे. ती विचारेल, काका कुठे आहेत. काय सांगू तिला?"

आक्काने औषधांची चिठ्ठी नीट घडी घालून तिच्या हातात दिली. औषधं अजून आणायची होती.

"सांग," ती म्हणाली, "कामावर गेलाय."